शेवाळे नाना आणि वादळाचं तेरावं

शेवाळे नानांसमोर ‘थैमान’ हा शब्द काढायची सोय नव्हती. एखाद्या नव्या उपसंपादकानं ‘वादळाने किनारपट्टीवर थैमान घातले’ असं लिहून कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, की नाना चष्मा कपाळावर चढवायचे, कागद खिडकीच्या उजेडात धरायचे आणि शांतपणे विचारायचे, "घातलं म्हणजे काय केलं?"

तो बिचारा म्हणायचा, "म्हणजे नासधूस केली."

"कशाची?"

"घरांची. झाडांची."

"मग घरं पडली, झाडं पडली असं लिही ना. थैमान कसं असतं ते तू पाहिलेलं नाय, मी पाहिलेलं नाय. त्या वादळालाही माहीत नसेल. त्याला वाटत असेल, आपण नुसते चाललोय."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोंडावर ओढणी धरून हसले होते. आठवड्याभरात पाळी माझ्यावर आली. मी ‘निसर्गाचा कोप’ असं लिहिलं होतं. नानांनी त्या दोन शब्दांवर लाल पेन्सिलीनं इतकी सावकाश रेघ मारली, की मला वाटलं ते चित्र काढताहेत.

"ताई, कोपायला निसर्गाचं काय घोडं मारलंय कुणी? वारा आहे तो. सुटला."

वयानं मी त्यांच्या मुलीसारखी, पण पहिल्या दिवसापासून ते मला ताईच म्हणायचे. आमच्या दैनिकाचं ऑफिस नाशिकला शालिमारजवळच्या एका बोळात होतं. खाली छपाईयंत्र, वर आम्ही, आणि मागच्या अंगाला कागदाच्या रिळांचं गोदाम. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी पंचविशीची, नाना पन्नाशी ओलांडलेले. मूळचे देवळ्याकडचे. तीस वर्षं नाशकात काढूनही बोलण्यातलं ‘लय’ आणि ‘नाय’ गेलं नव्हतं, आणि राग फारच चढला तर गाडी अहिराणीवर यायची. "हाई काय शे?" म्हणजे ‘हे काय आहे?’ असं त्यांनी विचारलं, की लिहिणाऱ्यानं तो कागद मुकाट्यानं परत घ्यावा, असा रिवाज होता.

आम्ही दोघं ग्रामीण आवृत्तीच्या पाळीला असायचो, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. टेलिप्रिंटरवर देशभरातल्या बातम्या इंग्रजीत खडखडत यायच्या आणि नाना त्या मराठीत करायचे. निवडणुका, संप, मंत्र्यांचे दौरे हे सगळं ते भेंडी चिरल्यासारखं करायचे, मान वर न करता. वादळाची बातमी आली की मात्र खुर्ची पुढे ओढायचे. का, ते कुणाला माहीत नव्हतं. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, लग्नानंतर अलिबागला, आणि तोही ओहोटीचा.

मथळ्यांवरून त्यांचं आणि संपादकसाहेबांचं कायम वाजायचं. आंध्रच्या किनाऱ्यावर एकदा वादळ आलं तेव्हा नानांनी मथळा दिला, ‘आंध्रात जोराचा वारा; पुष्कळ माणसे मेली’. साहेबांनी तो खोडून ‘महाप्रलय’ असं लिहिलं आणि पुढे तीन उद्गारचिन्हं ठोकली. दुसऱ्या दिवशी नाना अंक घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, महाप्रलय झाला म्हणजे जग बुडालं. मग उद्याचा अंक कोणासाठी काढायचा?"

साहेब म्हणाले, "शेवाळे, तुमच्या मथळ्यानं माणूस झोपी जातो."

"झोपू द्या की. ज्यांची घरं पडली ते जागे आहेत ना, त्यांचं लिहू."

साहेब वाईट नव्हते. त्यांना अंक खपवायचा होता, आणि आपला वाचक म्हणजे नांदगावच्या बाजारात कांद्याच्या गोणीवर बसून पेपर वाचणारा माणूस, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. त्या माणसाला समुद्राचं काय पडलंय, असं ते म्हणायचे. नानांना नेमकी उलटी खात्री होती. गोणीवर बसलेल्या माणसालाच वाऱ्याचं सगळ्यात जास्त कळतं, असं त्यांचं म्हणणं.

पण मथळ्यापेक्षा त्यांचं खरं दुखणं पुढे होतं. त्याला ते ‘बातमीचं तेरावं’ म्हणायचे. वादळ आल्यापासून ते आमचेच अंक एकावर एक रचून ठेवायचे आणि रोज नव्या माणसाला धरून दाखवायचे.

"हे बघ. पहिल्या दिवशी पहिलं पान, आठ कॉलम. तिसऱ्या दिवशी पहिलंच पान, पण खाली. पाचव्याला तिसरं पान. दहाव्याला सातवं पान, तेही शेजारी जुलाबाच्या औषधाची जाहिरात. तेराव्याला सुपारीएवढी. चौदाव्या दिवशी काही नाय. गोड जेवण झालं, पाहुणे गेले."

"मग चौदाव्या दिवशी काय छापणार नाना? वादळ तर गेलेलं असतं."

"वादळ गेलं. माणसं कुठं गेली? ती तिथंच आहेत. पुढं काय झालं त्यांचं?"

हे ‘पुढं काय झालं’ ऐकून ऐकून ऑफिसला त्याचा कंटाळा आला होता. कुणी सिनेमाची गोष्ट सांगायला लागलं, कुणाच्या चुलतभावाचं लग्न मोडलं, की कोपऱ्यातून कोणीतरी नानांच्या आवाजात विचारायचं, "पुढं काय झालं?" आणि सगळे हसायचे. नानाही हसायचे. आणि मग खरंच विचारायचे, "नाय पण, काय झालं त्या मुलीचं?"

टेलिप्रिंटर सांगत नाही म्हटल्यावर नानांनी स्वतःच चौकशी सुरू केली. बातमीत एखाद्या गावाचं नाव आलं की ते टिपून ठेवायचे. महिना-दीड महिना गेला की त्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकाला हिंदीतून एक पोस्टकार्ड टाकायचे. मजकूर ठरलेला. ‘आपके गाँव में तूफान आया था. हमने उसकी खबर छापी थी. अब कैसा चल रहा है, कृपया लिखें.’ खाली स्वतःच्या घरचा पत्ता, कारण ऑफिसात आलेली कार्डं चहाच्या ग्लासाखाली जातात, हे त्यांना माहीत होतं.

"मुख्याध्यापकालाच का?" मी विचारलं.

"सरपंच मदत आणायला जिल्ह्याला गेलेला असतो. तलाठी पंचनाम्यात असतो. मास्तर कुठं जाणार? शाळा पडली तरी झाडाखाली बसतो."

पाच-सहा कार्डांमागे एखादं उत्तर यायचं, आणि ते बहुतेक वेळा त्यांच्या भाषेत. ओरिसातली उत्तरं तर नुसती जिलब्यांसारखी गोल गोल. नाशकात ती वाचणार कोण? नाना रविवारी धुतलेला सदरा घालायचे आणि ओझरची बस पकडायचे. तिथे विमानांच्या कारखान्यात देशभरची माणसं कामाला. वसाहतीत दोन-तीन रविवार दारं वाजवून त्यांनी एक मोहंतीबाई शोधून काढल्या. नवरा कारखान्यात फिटर, माहेर आणि सासर दोन्ही ओरिसात. बाई कार्ड वाचून हिंदीत अर्थ सांगायच्या आणि नाना तो वहीत मराठीत उतरवून घ्यायचे. सोमवारी ती वही साहेबांच्या टेबलावर. साहेब म्हणायचे, "छान आहे शेवाळे. जागा झाली की बघू." जागा कधी झाली नाही.

आणि मग ओरिसात ते मोठं वादळ आलं.

त्याबद्दल मी इथे लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या ऑफिसात काय झालं ते सांगते. साहेबांनी सगळी विशेषणं बाहेर काढली आणि या वेळी नाना एका शब्दानंही बोलले नाहीत. टेलिप्रिंटरचा कागद त्यांनी उभ्यानंच शेवटपर्यंत वाचला. मग खाली बसून भाषांतर करायला लागले. त्यांनी लिहिलेल्या बातमीत एकही विशेषण नव्हतं. ती वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. साहेबांनी त्यात आठ विशेषणं घातली, आणि मग ती नेहमीसारखी झाली.

तिसऱ्या दिवशी दैनिकानं आवाहन केलं, ‘एक वस्त्र ओरिसासाठी’. लोकांनी भरभरून दिलं, हे मान्य केलं पाहिजे. पंचवटीतल्या शाळांतून मुलं गाठोडी घेऊन आली. मखमलाबादच्या मळ्यांतून फुलं-भाजी घेऊन येणाऱ्या बायका मंडईतून परतताना आमच्या दारात लुगड्यांच्या घड्या ठेवून गेल्या. काही जणांनी अडगळही काढली. एकानं लग्नातला सूट दिला, एका बाईंनी एका पायाचा बूट. पण बहुतेकांनी धुऊन, घडी घालून दिलं होतं.

रोज त्याचे फोटो छापायचं काम माझ्याकडे होतं. कपड्यांच्या ढिगाचा, देणाऱ्यांच्या रांगेचा, ढीग आणि साहेब यांचा. दहाव्या दिवशी एका कांदा व्यापाऱ्याचा ट्रक आला, त्याला झेंडूच्या माळा घातल्या, साहेबांनी नारळ फोडला आणि हिरवा झेंडा हलवला. ट्रक बोळातून निघाला, शालिमारच्या चौकात वळला आणि दिसेनासा झाला. मी वर जाऊन बातमी लिहिली, ‘नाशिककरांच्या मायेची ऊब घेऊन ट्रक ओरिसाकडे रवाना’.

तेराव्या दिवशी ओरिसाची बातमी सुपारीएवढी झाली. त्याच दिवशी कुठेतरी क्रिकेटचा सामना होता.

नानांनी आपल्या रिवाजाप्रमाणे दीड महिन्यानं कार्डं टाकली. आणखी महिन्यानं एक पत्र आलं. कार्ड नव्हे, चांगलं दोन पानी. रविवारी ते ओझरला जाऊन आले आणि सोमवारी सकाळी त्यांनी वही माझ्यासमोर उघडून ठेवली. ते पत्र मला अजून बरंचसं पाठ आहे. त्या मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं :

‘आपले पत्र मिळाले. शाळेवर ताडपत्री घातली आहे. मुले येतात. काही येत नाहीत, का ते मी लिहीत नाही. नारळ पडल्यामुळे गावात सावली उरली नाही. मुख्य त्रास पाण्याचा. समुद्र विहिरीत शिरला, पाणी खारट आहे. चार-पाच वेळा विहीर उपसली तर गोडे पाणी येईल असे जाणते लोक सांगतात, पण उपसायला पंप नाही. देशातून कपडे पुष्कळ आले, आभारी आहोत. लोकरीचे कोट आले आहेत, आमच्याकडे थंडी नसते. कृपया आणखी कपडे पाठवू नयेत. जमल्यास एक पंप.’

"आपल्याकडे द्राक्षवाल्यांच्या शेडमध्ये जुने पंप नुसते पडलेत," नाना म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "हे पत्र छापायचं आणि खाली लिहायचं, कोणाकडे असेल तर द्या. ताई, चल, साहेबांकडे जाऊ."

साहेबांनी पत्र वाचलं, दोनदा वाचलं, आणि वही मिटली.

"शेवाळे, आपण लोकांकडून कपडे घेतले. आता सांगायचं, तुमचे कपडे त्यांना नको होते?"

"हो. तसंच आहे ते."

"आणि उद्या कोणी विचारलं, आमचे कपडे कोणत्या गावाला पोहोचले, तर?"

"मग ते गाव सांगायचं," नाना म्हणाले.

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. नाना अडाणी नव्हते. ते केबिनमधून बाहेर पडले, जिना उतरले आणि मागच्या गोदामाकडे चालू लागले. मी त्यांच्या मागे गेले. मलाही तोवर माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण संशय आला नव्हता, असं नाही सांगता येणार.

रिळांच्या मागे, भिंतीला लावून, गाठोडी छतापर्यंत रचलेली होती. शाळांच्या गाठोड्यांवर मुलांनी खडूनं नावं लिहिलेली होती, ती तशीच. खालच्या थरात उंदीर लागले होते. रखवालदारानं सांगितलं ते असं : ट्रक चौकातून वळसा घालून मागच्या फाटकानं आत आला, माल उतरवला आणि कांदे भरायला गेला. पुढच्या आठवड्यात रेल्वेचा डबा मिळणार होता. मग त्याच्या पुढच्या आठवड्यात. मग कोणी विचारलं नाही.

नानांनी एक गाठोडं उचललं, त्यावरची धूळ झटकली आणि परत जागेवर ठेवलं.

"ट्रक गेल्याची बातमी कोणी लिहिली होती?"

"मी."

"तू ट्रक कुठपर्यंत पाहिलास?"

"शालिमार चौकापर्यंत."

"मग तेवढंच लिहायचं होतं, ताई. ‘ट्रक शालिमार चौकापर्यंत गेला.’"

ते चिडून बोलले नाहीत. चिडले असते, अहिराणीत बोलले असते, तर मला बरं वाटलं असतं.

त्या गुरुवारी साहेब नांदगावला एका लग्नाला गेले होते. ग्रामीण आवृत्तीचं सातवं पान नाना स्वतः लावायचे. शुक्रवारच्या अंकात त्या पानावर, तळाशी, आठ ओळींचा मजकूर आला. ‘ओरिसासाठी वाचकांनी दिलेले कपडे आमच्या गोदामात आहेत. ते रवाना झाले असे आम्ही छापले होते. ती चूक होती. तेथील एका शाळेने कपड्यांऐवजी विहीर उपसण्यासाठी पंप मागितला आहे. कोणाकडे वापरात नसलेला पंप असल्यास कळवावे.’ मथळा होता, ‘कपडे आणि पंप’. नानांच्या मथळ्यांत तो त्यातल्या त्यात झणझणीत म्हणायचा.

शनिवारी दुपारपर्यंत बोळात तीन पंप आले. एक द्राक्षवाल्याचा, एक देवळ्याहून एसटीच्या टपावरून, आणि एक मखमलाबादच्या एका म्हाताऱ्यानं सायकलच्या कॅरिअरला बांधून हातानं ढकलत आणलेला. त्यांच्यासोबत, गाठोडी कुठे आहेत ते बघायला, दोन शाळांचे मास्तरही आले.

सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. मालकांकडून एक गृहस्थ आले होते. नानांना उभं केलं होतं. मला आत बोलावलं.

"मॅडम," ते गृहस्थ म्हणाले, "ट्रक गेल्याची बातमी तुमची होती. ट्रक रवाना झाला, हे तुम्ही पाहिलं होतं?"

मी नानांकडे पाहिलं नाही. घरी आई होती, धाकटा भाऊ शिकत होता, आणि मला ही नोकरी मिळून दोन वर्षंही झाली नव्हती. ही सगळी कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी मी नुसती घाबरले होते.

"हो," मी म्हटलं. "पाहिला होता."

"म्हणजे शेवाळ्यांनी छापलं ते खोडसाळपणाचं आहे."

मी गप्प राहिले. ‘कुठपर्यंत पाहिला ते हिला विचारा’ एवढं एक वाक्य नानांनी म्हटलं असतं, तर ते सुटले असते आणि मी गेले असते. त्यांनी म्हटलं नाही.

त्यांना छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसवलं. हरवलेली गुणपत्रिका, वधू पाहिजे, म्हैस विकणे आहे. तिथेही ते त्यांच्या परीनं वागले. मुलीचा ‘गोरी, सुस्वरूप’ असा तपशील घेऊन आलेल्या बापाला त्यांनी विचारलं म्हणे, "सुस्वरूप म्हणजे नक्की काय लिहू?" दोन महिन्यांनी एक दिवस ते आले नाहीत. राजीनामा पोस्टानं आला, कार्डावर.

त्यांनी नोकरी सोडली आणि आम्हाला सुटल्यासारखं वाटलं. आता वादळ आलं की थैमान बिनधास्त घालता यायचं. हिरावाडीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि माझी बस रोज तिथून जायची. जाऊ, जाऊ म्हणत सात-आठ वर्षं गेली.

तोवर बातम्यांची चॅनेल निघाली होती आणि मी एका चॅनेलची नाशिकची प्रतिनिधी झाले होते. एके वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्रात वादळ उठलं. ते शेकडो मैल लांब होतं, पण पडद्यावर लाल अक्षरांत थैमान सुरू झालं होतं. मुंबईहून फोन आला, "नाशिकमधून एखादा तज्ज्ञ मिळेल का? कोणीही चालेल, पण वादळावर बोलणारा हवा." मी कसलाही विचार न करता म्हटलं, "आहे एक."

फोन केला तर नानांनी आवाज लगेच ओळखला. "ये ना ताई," म्हणाले. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी कॅमेरामनला घेऊन गेले. नानांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. केस विंचरले होते, तेल जरा जास्तच लागलं होतं. खोली झाडलेली, सतरंजी अंथरलेली, आणि आतून शेवेच्या भाजीचा वास येत होता. भिंतीवर काकूंचा फोटो होता, हार घातलेला.

"नाना, काकू कधी?"

"झाली तीन वर्षं. कळवणार होतो. मग म्हटलं, तुम्हा लोकांना बातम्यांचं काम."

ते टोमण्यानं बोलले नव्हते. खरंच त्यांना तसं वाटलं होतं.

कॅमेरामन घड्याळ बघत होता. आम्ही नानांना खिडकीशी बसवलं, सदऱ्याला माइक लावला. ते चार-पाच मिनिटं बोलले. वारा किती वेगाचा असतो हे सांगण्यापेक्षा विहिरी किती आहेत ते सांगा, म्हणाले. कॅमेरा न्यायचाच असेल तर वादळानंतर महिन्यानं न्या, तेव्हा लोकांना बोलायला वेळ असतो. मग माझ्याकडे बघून, जणू कॅमेरा नाहीच असं, म्हणाले, "त्या पंपांतला एक पोहोचला बरं का. मोहंतीसाहेब सुट्टीवर गेले तेव्हा रेल्वेनं घेऊन गेले. मास्तरांचं पत्र आलं होतं. चौथ्या उपशापर्यंत पाणी खारटच होतं. पाचव्या उपशाला गुरं प्यायली."

मी विचारायला हवं होतं, ते त्यांनी आपणहून सांगितलं.

"नाना, त्या दिवशी केबिनमध्ये मी..." मी म्हटलं.

"दोन घास खाऊन जा," ते म्हणाले. "भाकऱ्या गरम आहेत. मीच केल्यात, जरा जाड झाल्यात."

कॅमेरामननं बॅग उचलली होती. चित्रीकरण मुंबईला पाठवायची वेळ झाली होती. आम्ही उभ्या उभ्या पाणी प्यायलो. "नाना, आज संध्याकाळी सातला लावा," मी दारातून म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

दुपारी तीन वाजता वादळ वळलं. आपला किनारा सोडून दूर वायव्येला निघून गेलं. मुंबईहून फोन आला, स्टोरी पडली, आता लागणार नाही. सातला दुसरंच काहीतरी लागलं. नानांना फोन करून सांगायला हवं, हे मला आठवलं होतं. उद्या करू म्हटलं.

पंधरा-वीस दिवसांनी पंचवटीच्या भाजीबाजारात मला एका बाईंनी हाक मारली. नानांच्या शेजारच्या आहेरवहिनी. आम्ही त्या सकाळी कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा त्या दारात उभ्या होत्या, म्हणून मला ओळखलं.

"त्या दिवशी नानांनी सगळी चाळ बोलावली होती हो," त्या म्हणाल्या. "साताठ घरची माणसं. खुर्च्या आमच्याकडून नेल्या. सातपासून नऊपर्यंत बसलो सगळे. लागलं नाही. मग नानाच म्हणाले, दुसरी महत्त्वाची बातमी आली असेल, त्या पोरीला बोल लावू नका, तिच्या हातात नसतं. आणि सगळ्यांना चहा केला."

मी समोरच्या ढिगातली वांगी उगाच चाळू लागले.

"दुसऱ्या दिवशी म्हणाले, आज लागेल कदाचित, या. मग तिसऱ्या दिवशी. आता रोजच सातला हाक मारतात. काकू गेल्यापासून त्या घराचं दार उघडं दिसत नव्हतं, आता सहापासून उघडं असतं. आम्हाला कळतं हो, वादळ कधीच गेलं, आता काय लागणार? त्यांनाही कळत असेल. पण आम्ही जातो. कोणी ना कोणी बसतं. काल आमच्या सासूबाईंनी तिथंच मेथी निवडली."

त्यांनी कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही त्यांना सांगू मात्र नका, लागणार नाही म्हणून. चार माणसं येतात घरात."

"बरं," मी म्हटलं. तेवढं तरी मला जमण्यासारखं होतं.